आठवड्याला एकच वस्तू

१४ सप्टेंबर
टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन

करीन,

मी माफी मागायला लिहीत नाहीये, तेव्हा निदान शेवटपर्यंत वाच.

गेल्या नाताळापासून तू माझा फोन उचलत नाहीस. मार्कस उचलतो. जावई म्हणून तो मला सुरुवातीला पटला नव्हता हे तुला ठाऊकच आहे, पण माणूस सरळ आहे. परवा मी टिलीची चौकशी केली. तो म्हणाला, "शाळेत बाईंनी वर्गातली बाकं हलवली. टिली तीन दिवस शाळेत गेली नाही."

"बाकं हलवली म्हणून?"

"जागा बदलली की तिला ती ओळखताच येत नाही, आर्डिस. तुमचंच घर घ्या ना. सप्टेंबरात एक असतं, ऑक्टोबरात भुताखेतांचं होतं, नोव्हेंबरात टर्कीचं, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळं लालभडक. तिच्या लेखी ती चार घरं आणि चार आज्या."

मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासता घासता आठवलं. टिली पाच वर्षांची असताना डिसेंबरात दारात उभी राहून म्हणाली होती, "आजीचं घर कुठे गेलं?" सगळे खो खो हसले होते. सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.

असो. या वर्षी मी वरच्या माळ्यावरचे सजावटीचे नारिंगी खोके उतरवलेच नाहीत. बैठकीत जे ठेवलंय ते सप्टेंबरातही चालेल आणि नाताळातही. कोऱ्या मांजरपाटाची पट्टी टेबलावर, सायीच्या रंगाची लोकरी शाल कोचावर, दारावर सुक्या वेलीचं कडं. बस्स. सोबत फोटो आहे, तो टिलीसाठी. मागे लिहिलंय: "आजीच्या घरी आत्ता असं आहे. पुढच्या रविवारी एकच वस्तू नवी येईल. लाकडी परात. ती खिडकीपाशी बसेल."

फोटो तिला द्यायचा की नाही, तू ठरव.

आई

५ ऑक्टोबर

करीन,

तीन आठवडे झाले, पत्र परत आलं नाही. तू फेकलं असशील तरी फोडून फेकलं असशील, असं मी धरून चालते.

परात आली. पुढच्या रविवारी तिच्यात पाइनची फळं आली. आज पांढरे भोपळे आले, पाच. ऑर्व्हिल नुडसेनच्या शेतातले. तो नारिंगी ढीग दाखवत होता, मी म्हटलं पांढरेच दे, देठ मजबूत असलेले, नाताळापर्यंत टिकायला हवेत.

"नाताळात भोपळे?" तो म्हणाला. "आर्डिस, बरी आहेस ना?"

"तू भोपळे विकतोस की सल्ले?"

गव्हाच्या लोंब्यांची एक पेंढी त्याने तशीच दिली. ती दाराच्या कड्यात खोवली. पुढे थंडी पडली की लोंब्यांच्या जागी हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या स्प्रूसच्या डहाळ्या येतील, कडं तेच राहील. अशी युक्ती आहे सगळी. हळूहळू सरकत जायचं, उडी मारायची नाही.

खरं सांगू, मला जड जातंय. तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, करडा गाऊन, करड्या भिंती, चारशे पोरांची करडी ताटं. घरी आल्यावर मला रंग लागायचा. माझे एक्केचाळीस सांताक्लॉजचे बाहुले हा माझा थाट होता. त्यातला तो दाराशी कुणी आलं की ढोलकी वाजवून गाणारा तर तुझ्या बाबांनी आणला होता. आता हे सगळं ताकाच्या रंगाचं घर बघून मला आजारी माणसाच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. पण सवय होतेय.

ग्लॅडिस ब्रेकी येऊन गेली. नाताळात चर्चतर्फे गावातली सजवलेली घरं लोकांना दाखवतात, त्या समितीची ती अजूनही प्रमुख. माझं घर बावीस वर्षं त्यांच्या यादीत पहिलं. दारातच थबकली. म्हणाली, "आर्डिस, पिठाच्या गिरणीत कुणी शिंकलं की काय?"

मी तिला कॉफी दिली आणि साखर द्यायला विसरले.

आई

२६ ऑक्टोबर

करीन,

काल टपालात पाकीट आलं. पत्ता मार्कसच्या अक्षरात, आत टिलीचा कागद. तिने माझ्या बैठकीचा नकाशा काढलाय. मोजमाप इतकं अचूक आहे की कोचाचा तो तुटका पायसुद्धा आहे. भोपळ्यांवर एक ते पाच आकडे घातलेत आणि खाली लिहिलंय: "हलवू नको."

मी तो कागद फ्रिजवर लावला. मग जाऊन बघितलं तर खरंच, पुसताना दोन नंबरचा भोपळा माझ्याकडून सरकला होता. परत जागेवर ठेवला.

सात वर्षांची पोर मला हुकूम सोडते आणि मी ऐकते. तुझ्या बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं.

हॅलोविनला सांगाडे नाहीत, जाळी नाहीत. पोर्चवर फक्त कुंडीतलं स्प्रूसचं छोटं झाड आणून ठेवलंय. गल्लीतली पोरं गोळ्या मागायला येतील तेव्हा हिरमुसतील, हिरमुसोत. हेच झाड नाताळाचं झाड होणार आहे. पण ते एका दिवसात घरात घुसणार नाही. पोर्चवरून दाराच्या आत, तिथून जिन्यापाशी, मग बैठकीत. एका वेळी एकच मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाचा फोटो टिलीला आधी.

आणि हो, समितीच्या यादीतून मी माझं नाव काढून घेतलं. दगदग नको वाटते आता.

आई

१६ नोव्हेंबर

करीन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नाव मी काढलं नाही, ग्लॅडिसने काढलं. म्हणाली, "लोक बघायला येतात ते नाताळ बघायला, तुझी धुणी वाळत घातलेली बघायला नाही." मी घरी येऊन रडले. अडुसष्टाव्या वर्षी सांताक्लॉजपायी रडले.

एक खोटं कबूल केलंय, तर दुसरंही करते.

तुझ्या मावश्यांना मी वर्षभर सांगत आले की गेल्या नाताळात "थोडी बोलाचाली झाली". बोलाचाली झाली नव्हती. सव्वीस माणसं, लुकलुकणारे दिवे, तो ढोलकी बडवणारा सांता, आणि टिली टेबलाखाली कान दाबून किंचाळत होती. तू म्हणत होतीस, "आई, दिवे बंद कर. दोनच मिनिटं." मी म्हटलं, "एका पोरीसाठी सगळ्यांचा सण बंद करू? आमच्या वेळी एक रट्टा पुरायचा." ते सगळ्यांनी ऐकलं. पण त्यानंतर मी टेबलाखाली वाकले आणि तिचा हात धरून ओढला. "ओढला" हा शब्दही मी सौम्य वापरतेय. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती, मी पाहिली. ती मला चावली म्हणून मी गावभर सांगितलं. बोटांचं कुणाला सांगितलं नाही.

तू तिला कोटात गुंडाळून बर्फात गाडी काढलीस. मी दारात उभी राहून पाहुण्यांना म्हटलं, "जेवण गार होतंय."

ऑटिझम. हा शब्द तू मला तीन वर्षांपूर्वी सांगितलास, आणि मी आज पहिल्यांदा हाताने लिहितेय. मला वाटायचं, न उच्चारल्याने तो जाईल. शाळेच्या रांगेत मी अशी पोरं पाहिली असतील, करीन. कान झाकणारी, ताटातले पदार्थ एकमेकांना लागले की रडणारी. मी त्यांना "पुढे चल" म्हणून ढकललं असेल. हे आता रोज मनात येतं.

उत्तर देऊ नकोस. झाड दाराच्या आत आलंय, एवढंच सांगायचं होतं.

आई

३० नोव्हेंबर

करीन,

काल तू गाडीतच बसून राहिलीस. मी खिडकीतून पाहिलं. इंजिन चालू होतं, हात चाकावर होते. मी बाहेर आले नाही कारण मार्कसने आधीच बजावलं होतं, "ती डुलुथहून इथवर यायला तयार झाली हेच खूप आहे. तिच्याकडे जाऊ नका." मी गेले नाही. माझ्यासारखीला हे किती अवघड आहे ते तुला माहीत आहे.

आत काय झालं ते मार्कसने सांगितलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक.

टिली आली ती हातात सगळे फोटो घेऊन, दोरीने बांधलेले. उंबऱ्यावर उभी राहिली. शेवटचा फोटो समोर धरला, मग खोली पाहिली, मग फोटो, मग खोली. माझ्याकडे पाहिलंच नाही. मी तिला जवळ घेतलं नाही, नावाने हाक मारली नाही, खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. मार्कस हळूच म्हणाला, "काय, टिल? बरोबर आहे?"

ती म्हणाली, "झाड जिन्यापाशी हवं होतं. जिन्यापाशीच आहे."

मग आत आली. एकेका भोपळ्याला बोट लावत पाच मोजले. शाल हुंगली. परातीतलं एक पाइनचं फळ उचललं, पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूने ठेवलं. अकरा मिनिटं आत होती. मी घड्याळ पाहत होते. मग म्हणाली, "आता पुरे," आणि गेली. रडली नाही, किंचाळली नाही. पुरे झालं तेव्हा तिने सांगितलं आणि आपल्या पायांनी गेली.

तुमची गाडी वळणाआड गेल्यावर मी काय केलं ठाऊक आहे? स्वयंपाकघरात एकटीच नाचले. गुडघ्यांनी आज त्याची शिक्षा दिलीय.

आई

९ डिसेंबर

करीन,

तीन नंबरचा भोपळा कुजला.

शुक्रवारी उचलला तर खालून मऊ, बोट आत गेलं. मी काय केलं असेल? जे नेहमी करते तेच. झाकपाक. ऑर्व्हिलच्या तळघरातून तस्साच दुसरा आणला, तसाच चपटा, देठही डावीकडे वळलेला. तीन नंबरच्या जागी ठेवला, फोटो काढला, पाठवला. ऑर्व्हिल म्हणालासुद्धा, "सात वर्षांच्या पोरीला काय कळणार?" मीही तेच म्हटलं.

काल संध्याकाळी मार्कसचा फोन. "आर्डिस, टिली जेवत नाहीये. म्हणते, तो तीन नंबर नाही. आजीच्या घरात कुणीतरी खोटा भोपळा ठेवलाय."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. तीन महिने आठवड्याला एक एक वस्तू रचत आणलं आणि एका लबाडीने सगळं मोडायची वेळ आली. मी मार्कसला म्हटलं, तिच्या कानाला फोन लाव. तो म्हणाला, ती फोनवर बोलत नाही. म्हटलं, नको बोलू दे, नुसतं ऐकू दे.

मी म्हटलं, "टिली, आजी बोलतेय. तीन नंबर कुजला. भोपळे कुजतात. मी तुला सांगायला घाबरले म्हणून दुसरा आणून ठेवला. ते माझं चुकलं. खरा तीन नंबर मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पुरलाय. आता त्या जागी काय ठेवायचं?"

मग ती म्हणाली, "काही नको. चार राहू देत. तीन नंबरची जागा मोकळी ठेव."

तुला कळतंय का, ती माझ्याशी फोनवर बोलली! मार्कसच्या हातून फोन पडला असावा, धाडकन आवाज आला.

तर आता टेबलावर एक, दोन, मोकळी जागा, चार, पाच असं आहे. ग्लॅडिस आज आली होती. घरं दाखवायचा त्यांचा कार्यक्रम शनिवारी झाला, पायाला फोड घेऊन आली. कोचावर टेकली आणि म्हणाली, "इथे एक दात पडलाय का?" मी म्हटलं, "ती जागा राखीव आहे." यावर ती काहीतरी खोचक बोलेल म्हणून वाट पाहिली. ती शाल ओढून तासभर बसून राहिली. उठताना म्हणाली, "शनिवारपासून कानात घंटा वाजत होत्या गं. इथे थांबल्या." दारात पुन्हा वळून, "उद्या येऊ का?"

ये म्हटलं. साखरही घातली कॉफीत.

आई

१७ डिसेंबर

करीन,

तुझी चिठ्ठी आली. दोनच ओळी. "चोवीस तारखेला दुपारी येतो. जमलं नाही तर लगेच निघू, आणि तू अडवायचं नाहीस."

अडवणार नाही. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा, मागे कुणाची गाडी लागू देणार नाही. तुमचे कोट वरच्या खोलीत नाही, दाराशीच टांगू. झाड बैठकीत पोचलंय. त्यावर दिवे नाहीत, फक्त लाकडी मणी आणि सुक्या संत्र्याच्या चकत्या, त्याही फिकट झालेल्या. एकोणीस माणसं येतील. प्रत्येकाला मी स्वतः फोन करून सांगितलंय, गोंगाट नाही, लुकलुकणारं काही नाही.

तुझी आई

२६ डिसेंबर

माझ्या करीन,

तुम्ही आज सकाळी गेलात आणि मी लगेच लिहायला बसले. कारण चोवीस तारखेला तू जे पाहायला हवं होतंस, ते तू झोपेत असताना घडलं.

तू आलीस, "हॅलो आई" म्हणालीस, कोट काढला नाहीस. टिली बाजूच्या छोट्या खोलीत फोटो मांडत बसली आणि तू कोचाच्या कडेला बसून तिच्याकडे पाहत राहिलीस. कधी किंचाळेल, कधी उचलून पळावं लागेल, अशी ताठ. माझ्या लक्षात आलं, माझी ही पोरगी सात वर्षं अशीच बसलीय, प्रत्येक घरात, कडेला. मी शाल तुझ्या गुडघ्यांवर टाकली. दहा मिनिटांनी पाहिलं तर तू कोटासकट आडवी, तोंड उघडं, लहानपणी झोपायचीस तशी.

तेवढ्यात हेझल मावशी आली. तिला मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, तरी तो दिव्यांचा स्वेटर घालून! छातीवर लाल-हिरवं लुकलुक चाललेलं. मी दारातच आडवी आले.

"हेझल, उलटा घाल नाहीतर गाडीत जेव."

"अगं, नाताळ आहे! एका पोरीसाठी सगळ्यांनी..."

माझंच वाक्य, करीन. शब्दन् शब्द माझं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझे कान जळले. मी म्हटलं, "हो. एका पोरीसाठी. सगळ्यांनी. त्यात तूही." मागे तुझे दोन मामा उभे होते, ते बुटांकडे बघायला लागले. हेझलने पोर्चवर, उणे दहात, स्वेटर काढून उलटा घातला. शिलाईचे धागे बाहेर लोंबत होते, पण आत आली ती दबक्या पावलांनी.

मग मी छोट्या खोलीत गेले. गुडघ्यांवर बसता येत नाही, तरी बसले. टिलीपासून हातभर लांब. म्हटलं, "टिली, गेल्या वर्षी टेबलाखाली मी तुझा हात ओढला. तुला दुखलं. तू काहीही वाईट केलं नव्हतंस. मी केलं."

ती फोटोंकडेच पाहत होती. म्हणाली, "हो."

मी वाट पाहिली. मला वाटलं ती "असू दे" म्हणेल, लहान मुलं म्हणतात तसं. ती म्हणाली नाही. तिने मला माफबिफ केलं नाही. नुसतं "हो" म्हणाली, म्हणजे जे झालं ते झालं होतं, आणि आता ते आम्हा दोघींना माहीत होतं. मला उठता येईना. तिने ते पाहिलं आणि स्टूल ढकललं माझ्याकडे. त्याला धरून उठले.

साडेचारला सगळे जेवायला बसले. मी टिलीचं ताट छोट्या खोलीतच नेणार होते, मार्कसने तसंच ठरवलं होतं. तर ती स्वतःच आली. एकोणीस माणसं, आणि कुणी वळून पाहिलं नाही, कुणी "अरे वा" म्हटलं नाही. इतकी शहाणी माणसं मी आपल्या घराण्यात कधी पाहिली नव्हती. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. खुर्चीवर, टेबलाखाली नाही! बटाट्याचा मऊ लेफ्सा घेतला, नुसतं लोणी लावून, पोळीसारखा, कडा न मोडता गुंडाळला आणि खाल्ला. मग दुसरा. मग माझ्या ताटातला माझा. पलीकडे मार्कस घास हातात धरून बसला होता, तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. ऐंशी वर्षांच्या नील्स मामाने नाक शिंकरलं, तेही रुमालात तोंड घालून, हळूच.

हेझल म्हणाली, "करीनला उठवा की. तिने हे बघायला हवं."

मी उठणारच होते. टिलीने काटा खाली ठेवला आणि संबंध टेबलाकडे पाहून म्हणाली, "नको. आई कधीच झोपत नाही. तिला झोपू दे."

तेव्हा सगळ्यांनी तुला झोपू दिलं. खुर्च्या सरकवल्या नाहीत, भांडी वाजवली नाहीत, गाणी म्हटली नाहीत. एकोणीस माणसांनी खुणांनी बटाटे मागितले, रस्सा पुढे सरकवला. आणि तू दोन तास दहा मिनिटं झोपलीस, भर नाताळात, माणसांनी भरलेल्या माझ्या घरात.

तुझी आई